डावा गार्ड

मेडिकल चौकात रात्रपाळीचं दुकान.
शटर अर्धं, अर्ध्यातून वाकून आत येणारी माणसं :
सलाईन, सुई, डायपर, उधार.
मधल्या रिकाम्या वेळात
मी एका संघाची आहे.

कॅनडातल्या नसलेल्या गावाचा
नसलेला संघ, नाव बगळे.
बुधवारी नि शनिवारी पहाटे साडेपाचला
संगणक त्यांचा सामना खेळवतो.
आपण कुणी धावत नाही. आपण फक्त
आठवडाभर आपापल्या माणसाला वाढवतो :
दोन गुण ताकदीला, एक पायाला,
उरला तर समजुतीला.

सगळ्यांना चेंडू फेकायचा होता.
यारी, आमचा मॅनेजर, टांपेरेत बस चालवतो,
त्यानं विचारलं, पुढच्या रांगेत कोण उभं राहील?
जिथे चूक झाली तरच नाव घेतात,
अशा जागी?
म्हटलं, माणूस आहे माझ्याकडे.

उंची सहा-चार, वजन दीडशे किलो,
क्रमांक एकाहत्तर.
नाव लिहिलं : तुकडू वैरागडे.

खरा तुकडू पाच फूट दोन.
गंजीपेठेच्या दवाबाजारातून
आमच्या दुकानी खोके आणतो, एकतीस वर्षं.
माझ्या पहिल्या उन्हाळ्यात
मी कंबर धरून बसले होते, तेव्हा म्हणाला,
"वझ्यासंगं भांडू नको, पोरी.
त्याच्या खालतं जाय.
जो खालतं, तो भारी."
पुढे यारीनं खेळाचा पहिला नियम पाठवला.
तोच होता,
फक्त फिनिश माणसाच्या इंग्रजीत.

समोरच्याला उताणं पाडलं
की आकड्यांत एक पॅनकेक जमा होतो.
मी धिरडी मोजते.
तिसऱ्या हंगामात एकोणसाठ.
सातव्यात चेंडू फेकणाऱ्याचा करार परवडेना,
सहा जणांनी पगार कापून घेतला,
तुकडूनं सगळ्यात जास्त.
त्याला न विचारता.

एकदा दाखवलं त्याला, मोबाईलवर.
मे महिना, डोक्यावर ओला दुपट्टा,
खोक्यावर टेकून त्यानं माझ्याकडून
आपलं नाव दोनदा वाचून घेतलं.
"मी काय करून राहिलो याच्यात?"
वाचवता. मागच्या पोराला.
"पगार?"
चाळीस लाख डॉलर. खोटे.
"अन् सुट्टी?"
हंगामात एक आठवडा.
त्यावर मात्र तो थांबला.
"खरी?"

दहाव्या हंगामापासून वय लागतं.
यंत्र ताकदीतून थोडं काढून घेतं,
आधी मी आठवडाभर घालते तेवढंच,
मग त्याहून जास्त.
यारीचा निरोप आला, तीनदा माफी मागून :
बाकावर बसेल का तो,
की आता थांबवू या?

निवृत्तीला इथे सगळे लिहितात.
ब्राझीलचा सेंटर, क्वालालंपूरची सेफ्टी,
बारा हंगाम खांद्याला खांदा लावलेले,
एकमेकांचा चेहरा न पाहिलेले.
एकाहत्तर आकडा आता कुणाला देणार नाहीत.
कुणीतरी विचारलं,
वैरागडे म्हणजे काय गं?
मला सांगता आलं नाही. आडनाव, एवढंच लिहिलं.

आज पहाटे शेवटचा सामना. हरलो,
सतरा-वीस.
तुकडूची दोन धिरडी, एक चूक.
समालोचनात त्याचं नाव आलं.

साडेसहाला टेम्पो लागला.
ओआरएसचे सहा खोके, एप्रिल आहे.
"काहून वं, झोपली नाही का?"
मी काउंटरमागून बाहेर आले,
आकड्याचं सांगायचं होतं,
बगळ्यांचं, क्वालालंपूरच्या पोरीनं
काय लिहिलं ते.
तो वाकलेला होता,
पाठीवर दोन, हातात एक,
मान खाली,
आणि मी नेमकी शटरखाली, मधोमध.

"वाटेत नको उभी राहू, पोरी."